बडोद्याचे स्थैर्य आणि तैनाती फौज

तैनाती फौजेचा विषय शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा तीन वाक्यांत संपतो. वेलस्लीने ही पद्धत रूढ केली. हैदराबादच्या निजामाने ती प्रथम पत्करली. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईच्या तहाने ती पत्करून मराठी राज्याच्या नाशास आरंभ केला. ही तीनही वाक्ये खरी आहेत. परंतु ती वाचून विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न राहतो, आणि शिक्षकालाही त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. ज्या संस्थानिकांनी ही फौज घेतली ते सर्वच मूर्ख होते काय? त्यांच्या पदरी मुत्सद्दी होते, हिशेब जाणणारे फडणीस होते, जगाचा अनुभव घेतलेले सावकार होते. मग त्यांना या करारात लाभ तरी कोणता दिसला? परक्या सत्तेची पलटण आपल्या राजधानीजवळ आणून बसविण्यास ते स्वखुशीने, क्वचित आग्रहाने, का प्रवृत्त झाले? या प्रश्नाचा विचार करण्यास बडोद्याच्या गायकवाडांचे उदाहरण आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटते. येथे कंपनीने तलवारीच्या धाकाने करार लादला नाही. बडोद्याच्या दिवाणानेच तिला बोलाविले.

ज्या धोरणाचा प्रयोग बडोद्यावर झाला ते तयार झाले हैदराबादेत, म्हणून दोन शब्द तिकडचे सांगणे भाग आहे. निजाम अलीच्या पदरी रेमों नावाच्या फ्रेंच सेनानीने कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. रेमों १७९८ च्या मार्चमध्ये वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने निजामाशी तह केला आणि २२ ऑक्टोबर १७९८ रोजी त्या फ्रेंच पलटणींची शस्त्रे रक्तपात न होता काढून घेण्यात आली. त्या पलटणींचा पगार थकला होता आणि शिपाई आपल्याच अंमलदारांवर उठले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने फौजेच्या खर्चाकरिता निजामाने म्हैसूरच्या दोन युद्धांत मिळालेला मुलूख, बल्लारी व कडप्पा या बाजूचा, कंपनीस तोडून दिला. या व्यवहाराचा सांगाडा असा: दरबारात जी लष्करी शक्ती राजास जुमानीत नाही ती काढावयाची, तिच्या जागी आपली शक्ती ठेवावयाची, खर्चाची तजवीज प्रथम रोख रकमेने व मग मुलुखाने करावयाची, आणि परराज्यांशी बोलणे आपल्या हाती घ्यावयाचे. वेलस्लीच्या दृष्टीने हा नमुना उत्तम वठला होता. तो दुसरीकडे लावून पाहण्याची संधी दोन वर्षांच्या आत गुजरातेत चालून आली.

गोविंदराव गायकवाड १९ सप्टेंबर १८०० रोजी वारले. त्यांचे वडील पुत्र आनंदराव गादीवर बसले. परंतु राज्यकारभार चालविण्याची त्यांची कुवत नव्हती, आणि ते अफूच्या आहारी गेलेले होते असे तत्कालीन कागदांवरून दिसते. त्यांचा दासीपुत्र बंधू कान्होजी याने सत्ता बळकावली, आणि थोड्याच महिन्यांत रावजी आपाजी या प्रभू मुत्सद्द्याने अरबांच्या मदतीने त्यास पदच्युत करून कैदेत टाकले. रावजी हा गोविंदरावांबरोबर पुण्याहून आलेला. त्याचा भाऊ बाबाजी आपाजी फौजेचा प्रमुख झाला. म्हणजे दिवाणगिरी एका भावाकडे, घोडदळ दुसऱ्याकडे, आणि गादीवर असा धनी की ज्याच्या नावाने शिक्का चालावा, पण ज्याचा शब्द कोठेही चालू नये.

या सर्वांच्या वर खरी सत्ता होती ती अरब शिबंदीची. दमाजीराव १७६८ मध्ये वारल्यावर त्यांच्या मुलांत वारशाचा जो कलह माजला, त्यात प्रत्येक पक्षास भाडोत्री फौज हवी होती. अरब शिपाई शूर, दिल्या शब्दाला जागणारा आणि पगाराच्या बाबतीत कठोर अशी त्याची ख्याती होती. तीस वर्षांत त्यांनी बडोद्याच्या वेशी, किल्ला व राजवाडा आपल्या पहाऱ्यात घेतला. त्यांचा पगार थकला म्हणजे ते धन्याला वाड्यातच अडकवून धरणे धरीत. पगाराची रक्कम त्यांना मंगळ पारख, सामळ पारख यांसारख्या सावकारांच्या पेढ्यांमार्फत मिळे. सावकार आगाऊ पैसा देत, त्यावर व्याज व मनुती घेत आणि परगण्यांच्या वसुलावर वराता मिळवीत. पगार थकलेला राहण्यात अरबांचे नुकसान होते, पण सावकाराचे नव्हते. या साखळीत राज्याचा वसूल येण्यापूर्वीच खर्ची पडलेला असे.

या व्यवस्थेत एक विलक्षण संस्था वाढली होती. तिला बहांदरी म्हणत. बांह धरणे, म्हणजे एखाद्यास हात देऊन त्याची हमी घेणे, असा या शब्दाचा भाव आहे. गायकवाडाने कोणास वचन दिले, कोणाचे कर्ज काढले, कोणा सरदारास अभय देऊन दरबारी बोलाविले, तर त्या वचनावर केवळ राजाचा शिक्का पुरेसा मानीत नसत. अरब जमादार त्याची बहांदरी घेत. राजाने वचन मोडले तर जमादार आपल्या शिपायांनिशी ते पाळावयास लावी. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. ज्या राज्यात राजाच्या शब्दास त्याच्याच नोकराचा जामीन लागतो, त्या राज्यात सार्वभौमत्व म्हणून ज्याला आपण म्हणतो ते राजवाड्यातून उठून देवडीवर येऊन बसलेले असते. अरबांना अंदाधुंदीचे मूळ म्हणण्याची रीत आहे. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. सावकाराने कर्ज द्यावे, सरदाराने निर्धास्तपणे शहरात यावे, इतपत विश्वास त्या अंदाधुंदीत जो टिकून होता तो या अरबांच्या बहांदरीमुळेच.

रावजीस हे सर्व ठाऊक होते. अरबांच्या बळावर तो दिवाण झाला होता, आणि अरबांच्या हातून सुटल्याखेरीज त्याची दिवाणगिरी खरी होणार नव्हती. अशात कडीचा जहागीरदार मल्हारराव गायकवाड याने कान्होजीचा कैवार घेऊन बंड पुकारले. उभय पक्षांनी मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्याकडे धाव घेतली. डंकनलाही गुजरातेत हात घालावयाचाच होता. सुरतेचा कारभार कंपनीने १८०० मध्येच नबाबाकडून घेतला होता. त्या शहराच्या उत्पन्नातील चौथाईचा हिस्सा गायकवाडांकडे होता. आणि भडोचवर त्या वेळी शिंद्यांचा अंमल होता. बडोदे शिंद्यांच्या वर्चस्वाखाली गेले तर कंपनीच्या गुजरातेतील व्यापारास शह बसला असता. मेजर अलेक्झांडर वॉकर यास सुमारे सोळाशे लोक देऊन खंबायतेकडे रवाना करण्यात आले, व २९ जानेवारी १८०२ रोजी तो बडोद्यास पोहोचला.

कडीची मोहीम प्रथम सोपी वाटली होती. मार्चमध्ये वॉकरला माघारीचा प्रसंग आला आणि कुमक मागवावी लागली. सर विल्यम क्लार्क नवी फौज घेऊन आल्यावर ३० एप्रिल १८०२ रोजी मल्हाररावाची छावणी मारली गेली. पाठोपाठ तो शरण आला व त्यास नडियाद येथे राहण्यास सांगण्यात आले. परंतु युद्धाचा निकाल लागण्याआधीच, मार्चमध्ये खंबायतेस रावजी व डंकन यांचा करार झालेला होता. दोन हजार शिपायांची तैनाती फौज, सुरतेची चौथाई व चौऱ्यासी परगणा कंपनीस, आणि युद्धखर्चाची फेड. नंतर झालेल्या एका वेगळ्या करारात रावजीची दिवाणगिरी त्याच्या घराण्यात चालविण्याचे आश्वासनही कंपनीने दिले. राज्याच्या रक्षणाचा तह आणि एका कारभाऱ्याच्या घराण्याचे रक्षण ही दोन प्रकरणे एकाच शाईने लिहिली गेली. हे केवळ रावजीच्या लोभाचे फळ नव्हे. जी सत्ता दुसऱ्या राज्यात स्थैर्य आणू पाहते तिला त्या राज्यात कोणीतरी आपला माणूस लागतोच, आणि तो माणूस आपली किंमत सांगतो.

अरबांचा प्रश्न यानंतर आला. वॉकर आता रेसिडेंट झाला होता. थकलेला पगार चुकता करून शिबंदी कमी करावयाची, असा बेत ठरला. त्यासाठी काही पैसा कंपनीने व काही सावकारांनी कर्जाऊ दिला. अरबांनी प्रथम रुकार दिला, मग मागणी वाढविली आणि शहराच्या वेशी बंद केल्या. आनंदराव त्यांच्या ताब्यातच होते; कान्होजी कैदेतून निसटला. डिसेंबरात कंपनीच्या फौजेने बडोद्यास वेढा घातला. दहा दिवसांच्या तोफमारानंतर, २६ डिसेंबर १८०२ रोजी, अरबांनी शहर सोडण्याचे कबूल केले.

पण त्यांनी एक अट घातली, आणि आमच्या मते बडोद्याच्या पुढील पन्नास वर्षांचा इतिहास त्या अटीत साठलेला आहे. आमच्या बहांदऱ्यांचे काय, असे जमादारांनी विचारले. ज्यांना आम्ही शब्द दिला त्यांना आम्ही गेल्यावर गायकवाड बुडवील. तेव्हा आमचा शब्द कोणीतरी पुढे चालविला पाहिजे. ही मागणी अभिमानाची होती आणि प्रामाणिकही होती. वॉकरने ती मान्य केली. अरबांच्या चालू बहांदऱ्या कंपनीने आपल्या शिरी घेतल्या, आणि पुढे नव्या कर्जांवरही कंपनीची हमी पडू लागली. यात वॉकरचा हेतू वाईट होता असे म्हणण्यास आधार नाही. कर्जाशिवाय अरबांचा पगार चुकत नव्हता, आणि हमीशिवाय सावकार कर्ज देत नव्हता. कंपनीची हमी मिळताच राज्यास पैसा उपलब्ध झाला, हा लाभ खराच. फक्त देवडीवरचा जामीन बदलला. पूर्वीच्या जामिनास धन्याचाच पगार खावा लागे. नव्या जामिनास तशी गरज नव्हती.

रावजी आपाजी जुलै १८०३ मध्ये वारला व त्याचा दत्तक पुत्र सीताराम दिवाण झाला. २१ एप्रिल १८०५ रोजी जो कायमचा तह झाला त्याने मागील सर्व करार एकत्र केले. फौज तीन हजार पायदळाची व सोबत युरोपियन तोफखान्याची एक तुकडी अशी ठरली, आणि तिच्या खर्चास ११,७०,००० रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख देण्यात आला. त्याची फोड पाहण्यासारखी आहे. धोळका साडेचार लाख, नडियाद पावणेदोन लाख, विजापूर व मातर प्रत्येकी एक लाख तीस हजार, महुधा एक लाख दहा हजार, कीम-कठोदरा पन्नास हजार, कडीचा टप्पा पंचवीस हजार, आणि काठेवाडच्या खंडणीवर एक लाखाची वरात. नडियाद-मातरची ती चरोतरची जमीन गुजरातेत सोन्याच्या मोलाची. कर्ज फेडावयाचे ते उरलेल्या मुलुखातून, आणि त्या उरलेल्या मुलुखातील कित्येक परगण्यांचा वसूल कर्जाकडे आधीच लावून दिलेला. कुणब्याने भरलेला सारा आता कोणाच्या घरात जातो हे त्याला सांगता आले नसते.

तथापि एकांगी लिहिणे आम्हांस मान्य नाही. शिबंदी उतरली, खर्चास आळा बसला, आणि १८१२ च्या सुमारास कंपनीचे कर्ज फिटले. काठेवाडात गायकवाडांची फौज मुलूखगिरीस जाई, म्हणजे खंडणी वसूल करण्यासाठी गावे जाळीत व पिके तुडवीत फिरे. वॉकरने १८०७-०८ मध्ये तेथील संस्थानिकांच्या खंडण्या कायम ठरवून दिल्या व ती चाल बंद पाडली. तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने स्थैर्य या शब्दाला त्या दिवसापासून काही अर्थ आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पेशव्यांशी असलेले देण्याघेण्याचे जुने गाऱ्हाणे मात्र मिटत नव्हते. अहमदाबादचा पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. ती मुदत १८१४ मध्ये संपली. बाकीचा हिशेब पुण्यास जाऊन उरकण्याची कामगिरी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांजवर आली. शास्त्री हे मूळचे रेसिडेन्सीच्या आश्रयाने बडोद्यात पुढे आलेले. कंपनीच्या अभयावर ते पुण्यास गेले. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरास देवदर्शन करून परतताना त्यांचा खून झाला. त्रिंबकजी डेंगळ्यावर आळ आला, आणि १८१७ च्या जूनमधील पुण्याच्या तहाने बाजीरावास गायकवाडांवरील आपले मागील सर्व हक्क चार लाखांच्या वार्षिक रकमेवर सोडावे लागले. एका दूताच्या खुनाने बडोद्याचे जे काम झाले ते त्याच्या वाटाघाटींनी झाले नव्हते. पण फायद्याचा वाटा पुन्हा फौजेकडे गेला: त्याच वर्षी नोव्हेंबरात तैनाती फौजेत एक हजार पायदळ व दोन घोडदळाच्या पलटणी वाढविण्यात आल्या, आणि त्यासाठी आणखी उत्पन्न द्यावे लागले.

या काळात राज्य चालवीत होते कोण? रेसिडेंटाच्या सल्ल्याने चालणारे एक मंडळ. वॉकरनंतर आलेला कार्नॅक त्यात प्रमुख होता. आनंदराव १८१९ मध्ये वारले व दुसरे सयाजीराव गादीवर आले. १८२० मध्ये एल्फिन्स्टन बडोद्यास आला, ते मंडळ मोडले, आणि महाराजांस अंतर्गत कारभार सोपविला; परराज्यांशी व्यवहार कंपनीचा राहील आणि हमी दिलेल्या सावकारांचे करार पाळावे लागतील, एवढी अट ठेवली. तेव्हा हिशेब पाहता कर्ज एक कोटीच्या वर असल्याचे दिसून आले. अठरा वर्षांच्या देखरेखीनंतरचा हा आकडा आहे. दुष्काळाची वर्षे होती, युद्धखर्च होता, हे खरे. परंतु बुडण्याची भीती नसलेला सावकार आणि जाब विचारणारा धनी नसलेला कारभारी एकत्र आले म्हणजे कर्ज फिटण्याची घाई कोणास असावी?

याच सुमारास, १८१७ मध्ये, टॉमस मन्रो याने गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास लिहिलेल्या पत्रात या पद्धतीचा दोष स्पष्ट दाखविला होता. देशी राज्यात जुलूम असह्य झाला म्हणजे दरबारातील क्रांती किंवा रयतेचे बंड हा त्यावरील उपाय असतो. परकी फौज दाराशी बसली म्हणजे तो उपाय संपतो, आणि राजा आळशी व अधिकारी लोभी होतात, असा त्याचा आशय होता. कंपनीच्याच एका थोर अधिकाऱ्याने हे लिहिले यास महत्त्व आहे. बडोद्याच्या बाबतीत आम्ही एवढेच जोडू की राजा आळशी झाला नाही तेव्हाही हा दोष टळला नाही.

दुसरे सयाजीराव आळशी नव्हते. ते काटकसरी, हट्टी व आपल्या हक्काविषयी अतिशय जागरूक होते. त्यांनी आपली खाजगी तिजोरी भरली आणि हमीदार सावकारांस तिष्ठत ठेवले. राजाने राज्याचे कर्ज न फेडता खाजगी संचय करावा हे प्रथमदर्शनी निंद्य दिसते, आणि इंग्रज लेखकांनी त्यांची निंदा केलीच आहे. पण जे कर्ज आपल्या अल्पसत्तेच्या काळात इतरांनी काढले, ज्याचे दर व मुदती आपल्या संमतीवाचून ठरल्या आणि ज्याच्या मागे परक्याची पलटण उभी आहे, ते फेडण्यास राजाने उत्साह कोठून आणावा? १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने कर्जफेडीसाठी पेटलाद, डभोई, अमरेली आदी परगणे जप्त केले. ज्या अरबांना हाकलून दिले ते पगारासाठी राजवाडा अडवीत असत. माल्कमने परगणे अडविले.

हैदराबादेत तर हे प्रकरण याहून पुढे गेले. तेथे तैनाती फौजेशिवाय निजामाच्या खर्चाने व इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कंटिंजंट नावाची निराळी फौज उभी राहिली. हेन्री रसेल रेसिडेंट असता तिचा विस्तार झाला, चंदुलालच्या कारभारात तिच्या पगारासाठी पामर आणि कंपनी या पेढीकडून कर्जे निघाली, आणि त्या पेढीचे देणे भागविण्यासाठी निजामास उत्तर सरकारांवरील सात लाखांची वार्षिक पेशकश १,१६,६६,६६६ रुपयांच्या एकरकमी मोबदल्यात कायमची सोडावी लागली. तरी कंटिंजंटचा पगार थकतच राहिला; शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूरचा दुआब कंपनीच्या हवाली झाले. वऱ्हाड असे गेले, आणि एकही लढाई झाली नाही. बडोद्यावर तसा प्रसंग आला नाही याचे श्रेय आम्ही कंपनीच्या उदारपणास देत नाही. सयाजीरावांच्या त्या निंदित खाजगी तिजोरीस देतो.

कारण १८३२ मध्ये लॉर्ड क्लेअर बडोद्यास आला तेव्हा महाराजांनी त्या तिजोरीतूनच सावकारांची समजूत घातली, आणि गायकवाडांनी कंपनीसाठी ठेवावयाच्या स्वारांचा पगार वेळेवर दिला जाईल याबद्दल दहा लाख रुपये कंपनीकडे अनामत ठेवले. जप्त परगणे त्यांना परत मिळाले. पुढे पुन्हा तंटे झाले, पेटलाद पुन्हा जप्त झाले. अखेर तो तंटा मिटविण्यास जो गव्हर्नर मुंबईहून बडोद्यास आला तो कार्नॅकच होता. ऐन उमेदीत ज्याने याच दरबारात रेसिडेंट म्हणून हमीपत्रांचा कारभार पाहिला, तोच आता म्हातारपणी आला होता. १८४१ मध्ये पेटलाद गायकवाडांस परत मिळाले. फौज होती तेथेच राहिली.